निरंक नसलेला महिना

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या केंद्रातून मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे एक विवरण जाते. सरलेल्या महिन्यात कोणत्या निवासी व्यक्तीला शारीरिकरीत्या बांधून ठेवावे लागले, किती वेळ, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या कारणाने, याची ती माहिती असते. मी या पुनर्वसन केंद्रात सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून रुजू झाले तेव्हापासून हे विवरण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि सलग चौदा महिने मी त्या रकान्यात एकच शब्द लिहून पाठवला : निरंक. पंधराव्या महिन्यात तो शब्द लिहिता आला नाही. त्या एका नोंदीसाठी जे करावे लागले, ते सविस्तर लिहावे असे वाटते. कारण या कामातल्या माणसांना कलमे तोंडपाठ असतात, पण प्रत्यक्ष कागद भरायला बसल्यावर काय काय समोर येते, याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही.

जुलैमधली गोष्ट आहे. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळच्या चहाच्या वेळी वरच्या मजल्यावरचे एक काका (वय बावन्न, स्किझोफ्रेनियाचे जुने रुग्ण, एरवी कोणाच्या अध्यातमध्यात नसणारे) उजव्या हाताने चहाचा कप घेण्याऐवजी डाव्या हाताने घेत होते आणि उजवी बाही पंजापर्यंत ओढून धरत होते. मी जवळ जाऊन हात बघू का, असे विचारले. त्यांनी बाही वर केली. मनगटाभोवती दोन बोटे रुंदीचा लालसर पट्टा होता आणि त्यावर रोलर बँडेजच्या उभ्याआडव्या धाग्यांची जाळी इतकी स्पष्ट उमटली होती की धागे मोजता आले असते. डाव्या मनगटावर तसाच, थोडा फिका पट्टा होता.

रात्रीच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे इंग्रजीत दोनच वाक्ये होती : रुग्ण अस्वस्थ होता, नंतर शांत झाला.

रात्रपाळीचे ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, अजून गेटपाशीच होते. (मदतनिसांना आमच्याकडे मामा म्हणतात.) मी विचारल्यावर त्यांनी काहीही लपवले नाही. "मॅडम, वर मी एकटाच होतो. एक मामा रजेवर. दुसरे मामा खाली, कारण खाली एकाला फिट आली होती. काका दारावर धडका मारत होते, बाकीचे जागे व्हायला लागले. खालच्या मामांना दहा मिनिटं वर बोलावलं आणि दोघांनी मिळून बांधलं." डॉक्टरांना फोन केला होता का, या प्रश्नावर ते गप्प राहिले. केला नव्हता. मध्यरात्री उठवायचे कसे, असे वाटले होते. अडतीस निवासी, दोन मजले आणि दोन माणसे, असा त्या रात्रीचा हिशेब होता. हे ब्रदर निष्ठुर नाहीत. आंघोळ नाकारणाऱ्या माणसाला अर्धा अर्धा तास समजावणारा आमच्याकडचा हाच एक माणूस आहे. म्हणूनच मला त्या सकाळी अधिक भीती वाटली. चांगल्या माणसाच्या हातून असे घडले आणि वहीत त्याची खूणही उरली नाही, तर माझ्या आधीच्या चौदा 'निरंकां'चा अर्थ काय लावायचा?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम ९७ या बाबतीत अगदी नेमके आहे. एकांतकोठडी पूर्णपणे निषिद्ध आहे. शारीरिक प्रतिबंध, म्हणजे बांधून ठेवणे, वापरायचा तर दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात : त्या व्यक्तीला किंवा इतरांना होऊ घातलेली तत्काळ इजा टाळण्याचा तो एकमेव मार्ग असला पाहिजे, आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला संमती दिलेली असली पाहिजे. पद्धत, समर्थन आणि कालावधी यांची नोंद वैद्यकीय कागदांत लगेच झाली पाहिजे. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, प्रत्येक प्रसंगाची माहिती चोवीस तासांच्या आत दिली पाहिजे. महिन्याच्या अहवालात प्रत्येक प्रसंग मंडळाला कळवला पाहिजे. आणि याच कलमात एक वाक्य आहे, जे मी अनेकदा वाचले होते पण ज्याचे वजन मला त्या दिवशी कळले : शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून प्रतिबंध वापरता येणार नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणानेही वापरता येणार नाही.

सर्वांत आधी घड्याळाचा प्रश्न होता. चोवीस तास कधीपासून मोजायचे, हे ठरवायला बांधल्याची वेळ हवी होती. ब्रदर म्हणाले दीड-पावणेदोन. पॅसेजमधल्या सीसीटीव्हीत ते हातात बँडेजचे रोल घेऊन खोलीत शिरताना दिसतात ती वेळ होती एक वाजून एक्कावन्न मिनिटे. पण त्या कॅमेऱ्याचे घड्याळ पुढे होते. सकाळच्या प्रार्थनेच्या घंटेशी ताडून पाहिले तेव्हा फरक अकरा मिनिटांचा निघाला. म्हणून अहवालात मी 'रात्री १.४० (सीसीटीव्हीची वेळ १.५१, घड्याळ ११ मिनिटे पुढे असल्याची खात्री केली)' असे लिहिले. सोडल्याची वेळ त्याच हिशेबाने पहाटे ५.१०. साडेतीन तास. वहीत जे 'नंतर शांत झाला' होते, ते साडेतीन तासांचे होते.

आमच्या प्रभारींनी सुचवले की डॉक्टरांना आता फोन करून संमती घेऊ आणि कागदावर रात्रीची वेळ टाकू. असे सगळीकडे करतात, असेही ते म्हणाले. मी डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, काकांची नाडी, रक्तदाब, हातांची बोटे हलतात का, बधिरपणा आहे का, हे आधी विचारले आणि मग म्हणाले, "मी रात्री परवानगी दिली नव्हती. तेच लिहा. आणि पुढच्या वेळी मला उठवा, त्यासाठीच मी आहे." संमतीच्या रकान्यात 'घेतलेली नाही, सकाळी ९.४० वाजता कळवले' असे लिहिले गेले, ते त्या वाक्यामुळे. डॉक्टरांनी वेगळे उत्तर दिले असते तर मी किती वेळ टिकले असते, हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

मग नातेवाइकांना कळवायचे. फाइलच्या पहिल्या पानावर थोरल्या भावाचा नंबर होता, कारण दाखल करायला तेच आले होते आणि महिन्याचे पैसे तेच भरतात. कार्यालयातल्या मुलीने तो नंबर फिरवायला घेतलाही होता. मी फाइल मागपर्यंत उलटली. दाखल झाल्यानंतर काही महिन्यांनी, बरे वाटू लागल्यावर, काकांनी एका साध्या कागदावर आपल्या हाताने लिहून धाकट्या बहिणीला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमले होते आणि खाली सही केली होती. कलम १४ प्रमाणे एवढे आणि नेमलेल्या व्यक्तीची लेखी संमती पुरते. स्टँपपेपर लागत नाही, भावाची संमती लागत नाही. तो कागद औषधांच्या बिलांमागे गेला होता. कायद्याच्या दृष्टीने आमचा फोन बहिणीला जायला हवा होता, आणि पैसे भरणाऱ्याला आधी सांगायचे ही आमची सवय त्या दिवशी आम्हाला चुकीच्या माणसाकडे नेत होती.

बहीण सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. सव्वादहाला फोन लागला तेव्हा त्या शेतावर होत्या, मागे पावसाचा आवाज येत होता. मी वाक्ये आधी कागदावर लिहून घेतली होती, कारण अशा वेळी तोंडातून 'थोडं आवरावं लागलं', 'काळजी करण्यासारखं नाही' असले मऊ शब्द आपोआप निघतात. मी सांगितले, "ताई, काल रात्री तुमच्या भावाला आमच्याकडे पलंगाला बांधलं होतं. साडेतीन तास. डॉक्टरांची परवानगी घेतलेली नव्हती. मनगटांवर वळ आहेत, बाकी इजा नाही."

त्या काही क्षण काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. कशानं बांधलं? का बांधलं? आणि मधी पाणी दिलं का त्याला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आमच्या छापील घटना अहवालात तो रकानाच नव्हता. वेळ, ठिकाण, साक्षीदार, केलेली कार्यवाही, सह्या, हे सारे त्यात होते. पण बांधलेल्या माणसाला पाणी मिळाले का, लघवीला नेले का, कोणी दर पंधरा मिनिटांनी हातांची बोटे पाहिली का, हे विचारणारी एकही ओळ नव्हती. ब्रदरना विचारले तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की दोनदा डोकावून पाहिले, पाणी दिल्याचे आठवत नाही. मी अहवालात लिहिले : 'पाणी दिल्याची नोंद नाही.' आणि त्याच दिवशी आमच्या नमुन्यात हे तीन प्रश्न हाताने आखून जोडले.

इथवर मी सगळ्यांशी बोलले होते, काकांशी सोडून. हे लिहिताना मला वाईट वाटते. जेवणानंतर मी त्यांच्या पलंगाशेजारी बसले आणि रात्री काय झाले, असे विचारले. त्यांनी सरळ सांगितले, "बाथरूमचं दार लागलं होतं. मला जायचं होतं. मी वाजवलं, कोणी आलं नाही. मग जोरात वाजवलं."

बाथरूमचे दार बाहेरून लागलेले होते, हे खरे निघाले. आणि ते का लागले होते, याचा माग काढता काढता मी माझ्याच सहीपाशी येऊन थांबले. आदल्या आठवड्यात वरच्या बाथरूमच्या छतातून पाणी गळून फरशी निसरडी झाली होती आणि एक वृद्ध निवासी तिथे पडले होते. त्या पडण्याचा घटना अहवाल रीतसर झाला होता. 'प्रतिबंधात्मक उपाय' या रकान्यात लिहिले होते : दुरुस्ती होईपर्यंत वरचे बाथरूम रात्री अकरानंतर बंद ठेवावे, निवासींना खाली न्यावे. खाली माझी सही होती. खाली न्यायला माणूस लागतो, याचा विचार मी केला नव्हता. म्हणजे एका घटनेच्या अहवालातला उपाय पुढच्या घटनेचे कारण ठरला होता. ब्रदरनी 'अस्वस्थ' लिहिले, प्रभारी 'आक्रमक' म्हणत होते, आणि तो माणूस केवळ लघवीला जाण्यासाठी दार वाजवत होता.

कारणाच्या रकान्यावर दोन दिवस चर्चा चालली. आमच्या संचालकांचे म्हणणे मी हलके लेखणार नाही. हे केंद्र त्यांनी स्वतःच्या घरातले आजारपण पाहून उभे केले आहे. त्यांचा मुद्दा असा, की कारण म्हणून 'कर्मचारी अपुरे' असे लिहिले तर कायद्याने ज्या कारणाला स्पष्ट मनाई केली आहे, तेच आपण आपल्या हस्ताक्षरात मान्य करतो. कलम १०८ मध्ये पहिल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. "आपणच आपल्याविरुद्ध पुरावा लिहून देतोय," असे ते म्हणाले. मी म्हटले की 'रुग्ण आक्रमक' लिहिले तर तो पुरावा काकांच्या विरुद्ध जातो, आणि तो त्यांच्या फाइलमध्ये कायम राहतो. उद्या ते दुसरीकडे गेले तर तिथला डॉक्टर पहिल्या पानावर 'रात्री आक्रमक होतो' हे वाचेल आणि औषध वाढवेल. ज्याने काही केले नाही त्याने तो डाग आयुष्यभर वागवायचा, हे मला पटत नव्हते.

शेवटी मी जे लिहिले ते असे होते : 'निवासी व्यक्ती स्वच्छतागृहात जाण्यासाठी दार वाजवत होती. स्वच्छतागृह आमच्या आधीच्या निर्णयानुसार बाहेरून बंद होते. त्या वेळी वरच्या मजल्यावर एकच कर्मचारी उपस्थित होता. तत्काळ इजेचा धोका असल्याचे आढळत नाही. हा प्रतिबंध कलम ९७ च्या अटींत बसत नाही.' संचालकांनी ते तीनदा वाचले आणि सही केली. त्या सहीबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर वाटतो.

काकांच्या नावाऐवजी नोंदणी क्रमांक घातला, कारण गोपनीयतेचा हक्क त्यांचा आहे आणि विवरण अनेक हातांतून जाते. लिहिताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा आठवत होती. मंडळाचे अध्यक्षपद न्यायिक क्षेत्रातल्या व्यक्तीकडे असते, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, दोन डॉक्टर असतात, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ. पण उरलेल्या दोन जागा मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा त्या क्षेत्रातल्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. म्हणजे माझा कागद वाचणारी व्यक्ती कधी काळी स्वतः अशा पलंगावर बांधलेली असू शकते. असा वाचक डोळ्यांपुढे आला की 'सौम्य प्रतिबंध' हा शब्द लिहिता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीच्या आगीत साखळ्यांनी बांधलेली अठ्ठावीस माणसे जळून गेली. आज साखळीला कायद्याने पूर्ण मनाई आहे. बँडेज मऊ असते, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही.

विवरण गेले. काही आठवड्यांनी मंडळाकडून पत्र आले. त्यात मागच्या तीन महिन्यांचे ड्यूटी चार्ट, रात्री डॉक्टरांना बोलावण्याची पद्धत आणि केलेल्या सुधारणा मागवल्या होत्या. ड्यूटी चार्ट काढले तेव्हा त्या तीन महिन्यांत सतरा रात्री दोनच माणसे होती, हे आम्हाला प्रथमच एकत्र दिसले. आता रात्री तीन माणसे असतात आणि कोणी रजेवर असेल तर बदली माणूस आल्याशिवाय रजा मंजूर होत नाही. खर्च वाढला, तो संचालकांनी कसा भागवला हे त्यांचे त्यांना ठाऊक. बाथरूमचे छत दुरुस्त झाले, फरशीवर खरखरीत पट्ट्या बसवल्या आणि बाहेरची कडी काढून टाकली.

या निमित्ताने आणखी एक उणीव लक्षात आली. आमच्याकडे काही जण केवळ बौद्धिक दिव्यांगत्व असलेले आहेत. मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबतीत असे काही घडले तर हे मासिक विवरण ते विचारतच नाही. त्यांना २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा लागू होतो. त्याच्या कलम ७ प्रमाणे छळ किंवा हिंसेची शंका आली तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांना, कळवू शकते. पण दार वाजवणाऱ्याला बांधण्यासारख्या प्रसंगासाठी रोजच्या नोंदीची शिस्त आपणच लावावी लागते. आम्ही ठरवले की दोघांसाठी एकच वही आणि एकच नमुना. पूर्वी मी मुलांच्या निवासी विशेष शाळेत होते. तिथे पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यामुळे लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक होते आणि 'आधी आपण खात्री करू' असे म्हणायला वावच नव्हता. प्रौढांच्या बाबतीत असा वाव पुष्कळ असतो आणि म्हणून तिथे अधिक जपावे लागते.

गणपतीच्या सुट्टीत काकांच्या बहीण आल्या. काकांनीच सांगितले, "तिला ते पान दाखवा." आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क त्यांचा आहे, म्हणून मी फाइल उघडून दिली. ताईंनी बोट ओळीवर ठेवून, सावकाश, सगळे वाचले. 'पाणी दिल्याची नोंद नाही' या ओळीपाशी बोट बराच वेळ थांबले. मग त्यांनी पिशवीतून चष्म्याचे घर काढले, चष्मा ठेवला आणि त्या पानाची प्रत मागितली. प्रत देताना मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही फोन केला नसता तर मला कळलंच नसतं." त्या रागावल्या नव्हत्या असे मात्र मला म्हणता येणार नाही, आणि रागावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

त्यानंतर पाच विवरणे गेली. दोन महिन्यांत एकेक नोंद होती. दोन्ही वेळा डॉक्टरांना उठवले होते, एकदा वीस मिनिटे आणि एकदा पस्तीस, पाण्याच्या आणि पाहणीच्या वेळांसह. पहिली नोंद त्याच ब्रदरच्या हस्ताक्षरात आहे. उरलेल्या तीन महिन्यांत 'निरंक' लिहिले, पण त्याआधी रात्रीच्या वहीचे प्रत्येक पान वाचले, भांडारातल्या रोलर बँडेजचा साठा वापराच्या नोंदीशी जुळवला, आणि वरच्या व खालच्या मजल्यावरच्या निवासींना प्रत्येकी विचारले. या महिन्याचे विवरण अजून भरायचे आहे. वहीची अकरा पाने वाचून झाली आहेत, वीस बाकी आहेत.